डाव्या हाताचा मोजा

बँक आणि न्हाव्याच्या दुकानाच्या मधे,
जिथे एका रात्रीत जळालेलं कापडदुकान होतं,
तिथे आता चार बाकं, दोन मेपल,
आणि उताणा पडलेला एक पोलादी हातमोजा.
डावा.
आत माणूस आडवा होईल एवढा.

उजव्याचे पैसे आलेच नाहीत.
नगरपालिकेने हात आखडता घेतला,
शिल्पकार बाई ट्रकमधे वेल्डिंगचं सामान भरून निघून गेली.
पाटी आधीच कोरून झाली होती, म्हणून तिच्यावर
'जोडी' हा शब्द तेवढा राहिला.

ॲडिरॉन्डॅकच्या पायथ्याचं हे गाव
हातमोज्यांचं. म्हणजे, होतं.
नदीला कमावलेल्या कातड्याचा वास,
आणि पाणी ज्या रंगाचं वाहील
तो त्या हिवाळ्यातल्या शहरी बायकांच्या हातांचा रंग.
हातावर पोट सगळीकडेच असतं;
यांचं दुसऱ्यांच्या हातांवर होतं.

अनावरणाला भाषणं झाली. त्यानंतरचं बोलणं असं:
एवढ्यात सगळ्या मेन स्ट्रीटचे खड्डे बुजले असते –
हे अँब्रोज न्हावी.
पार्किंग गेलं –
हे सगळेच.
आणि मागून, वॉकरवर रेलून,
इर्मा ड्रोझ्ड, वय ब्याऐंशी,
त्यातली एकोणचाळीस वर्षं कातरकामाच्या टेबलाशी:
"अंगठा चुकलाय."

फोटो काढणं चालू होतं. कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती खडू घेऊन आली.
शिंप्याचा, चपटा, निळा.
अंगठ्याच्या बुडाशी वाकून तिने एक रेघ ओढली,
वीतभर अलीकडे,
जिथे शिवण बसायला हवी होती तिथे.
बाकावर सँडविच खाणाऱ्या बँकेतल्या पोराला म्हणाली,
चार बोटं काय, कुणीही कापेल.
अंगठा चुकला की मूठ मिटत नाही.

पावसात रेघ जायची.
ऊन पडलं की बाई यायची.

मोजा एव्हाना कामाला लागला होता.
तळव्याच्या खळग्यात पाणी साचायचं, रॉबिन न्हायचे.
मार्गारिता ओकासिओ बसची वाट बघताना
किराण्याची पिशवी करंगळीला अडकवायची.
तिचा नातू यादिएल मनगटातून आत सरपटत
तर्जनीच्या टोकापर्यंत जायचा, आणि तिथून हाक मारायचा;
ती हाक कुठल्या बोटातून येतेय ते कळायचं नाही.

मग बर्फ. फुटपाथवर सापडलेला
लाल लोकरीचा एक मोजा
कुणीतरी पोलादाच्या बोटावर चढवून ठेवला.
आठवड्यात अकरा झाले.
सगळे एकेकटे, आणि बहुतेक उजवे,
कारण किल्लीसाठी, फोनसाठी
माणूस उजवाच काढतो
आणि बगलेत धरतो
आणि विसरतो.

मार्चमधे चार दिवस सलग ऊन पडलं.
रेघ नव्हती.

अँब्रोजने काचेआडून बघितलं.
पाचव्या दिवशी गिऱ्हाईक फेस लावून खुर्चीत,
आणि हा ॲप्रनसकट बाहेर,
हातात पोरांचा फुटपाथवर चित्रं काढायचा गुलाबी खडू.
त्याची रेघ वाकडी गेली.
"आणखी खाली," बँकेतला पोरगा म्हणाला.
"खाली नाही, वळवून वर," मार्गारिता. "मी बघायचे की तिला."
"तू बस बघायचीस."
फेसवाला गिऱ्हाईकही येऊन उभा राहिला.
त्याची आई कारखान्यात होती म्हणे, पण ती
बटणं लावायची.

यादिएलने स्वतःचा डावा हात उचलला.
मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली,
अंगठ्याशी पडणाऱ्या घडीकडे बघत राहिला.
"इथे," म्हणाला.
पण कुठे, ते त्यालाही
पोलादावर दाखवता येईना.

आता तीन रेघा आहेत, तीन रंगांच्या.
आज संध्याकाळी पाऊस सांगितलाय.
अँब्रोजने दाराच्या आत, ब्रशांशेजारी,
खडूंचा डबा ठेवलाय.
खड्ड्यांचं तो अजूनही बोलतो.