गळती

बारा मिलीची काच. सिलिकॉनची शेवटची रेघ
मी बोटानं ओढली,
मागावर तुटलेला धागा सांधावा तशी, श्वास धरून.

पाचव्या दिवशी नळ आला.
आधी पिंप, घागरी, शेजारच्या यल्लव्वाची कळशी.
"उरलं तर भरा की तुमचा समुद्र," भूदेवी म्हणाली.

उरलं. रात्री दोनला, करंगळीएवढ्या धारेनं.

सकाळी टाकीखालचा पेपर कोरडा.
मीठ मोजून ओतलं, ढवळलं.
आता साखरपेठेतल्या कुणाच्याच तहानेला
हे पाणी चालणार नाही.

बाहेर बेचाळीस. प्रवाळ यायला अजून महिना.
तिनं बोट बुडवून जिभेला लावलं,
तोंड वाकडं केलं,
आणि घरातला एकुलता टेबलफॅन
काचेकडे वळवला.