उणे ऐंशी

रात्री अडीचला तारा तुटल्या तेव्हा
पुंता अरेनासमध्ये कुणी दचकलं नाही.
इथे वारा सुटत नाही, तो असतोच;
कधीकधी फक्त हात उगारतो.

तळघरातला तिसरा फ्रीझर
उणे ऐंशीवरून उणे बहात्तरवर आला
आणि माझ्या उशाशी फोन वाजला.
जनरेटर घरघरला, खोकला, गप्प बसला.
मी, नेवेंका मिहोविलोविच, वय अठ्ठावन्न,
झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून
त्या पेटाऱ्यावर घोंगड्या टाकत होते.
ऊब मिळावी म्हणून नाही,
थंडी पळून जाऊ नये म्हणून.

दार उघडायचं नाही, हा पहिला नियम.
उघडलं की थंडी पायांवरून वाहत जाते,
डोळ्यांना दिसते.

आत चार हजार एकशे सहा कुप्या.
प्रत्येकीत मसुराएवढा तुकडा:
स्तनाचा, जठराचा, आतड्याचा.
अंगातून निघाल्यावर किती मिनिटांनी गोठला
तेही नोंदलेलं. सतरा. नऊ.
एकावर एक्केचाळीस, त्या दिवशी लिफ्ट अडकली होती.
नाव मात्र कुणावरच नाही.
नावं वरच्या मजल्यावर, कुलपात,
आणि किल्ली माझ्याकडे नसते.

तरी काही नावं मला पाठ आहेत.
एउलोहिओ बार्रिया, मेंढ्या कातरणारा.
त्याला संमतीपत्र मीच वाचून दाखवलं होतं:
तपासणीनंतर जे उरेल ते...
त्याने मध्येच हात वर केला.
"बाई, चाळीस वर्षं लोकर कातरली.
एकाही मेंढीने विचारलं नाही
की स्वेटर कुणाला झाला."
मग जरा वेळाने,
"पण मेंढीला तरी कोण विचारतं? तुम्ही विचारलंत."
याचा तुम्हाला काही फायदा होणार नाही, मी म्हणाले.
हे सांगावंच लागतं, ठळक अक्षरांत आहे.
"ऐकू येतं मला," तो म्हणाला,
आणि रेघेबाहेर जाणारी सही केली.

त्याला जाऊन चार वर्षं झाली.
मध्यंतरी गेंटहून कुणीतरी साठ जठरं मागितली,
औषध लागू पडलेली आणि न पडलेली.
एकटा तुकडा तोंड उघडत नाही.
साठ शेजारी ठेवले तर म्हणे कुजबुजतात.
मी कोरड्या बर्फात घालून पाठवले, त्यात तोही होता,
निम्मा मसूर.
दीड वर्षाने दोन ओळी आल्या:
निष्कर्ष अस्पष्ट.
आणखी नमुने मिळू शकतील का?

पावणेचारला बंदरावरून गाडी आली.
खेकड्यांच्या कारखान्याने
कोरड्या बर्फाची सहा खोकी दिली होती,
न मोजता, न लिहून घेता.
रबरी बुटांतला पोरगा जिना उतरत विचारतो,
"आहे काय आत?"
"कर्करोग."
"कर्क? म्हणजे आमचाच माल!"
स्वतःच हसला. मीही हसले,
त्या वेळी कशालाही हसले असते.

पाचवं खोकं ठेवताना तो थांबला.
"मावशीचं इथेच काढलं होतं. असेल ती यात?"
"असेल. नसेलही. मला सांगता येत नाही."
"येत नाही, की सांगायचं नाही?"
"दोन्ही."
सहावं खोकं त्याने जरा हळू ठेवलं.

पाच वाजून आठ मिनिटांनी दिवे आले.
बोटं बधिर झाली होती, तरी वही उघडली.
वीज गेली: दोन एकतीस.
सर्वांत वरचं तापमान: उणे सदुसष्ट.
नुकसान:
तिथे पेन टेकवलं आणि उचललं.
ते कळेल
कुणीतरी मागेल तेव्हा.