पंधरा मीटर

हॅलिफॅक्समधल्या या घराच्या भिंती
दीड हात जाड, धुराने काळवंडलेल्या दगडाच्या.
कुणा गिरणीमालकाने मुकादमासाठी बांधल्या,
थंडी आत येऊ नये म्हणून.
थंडी येतेच.
येत नाही ते वायफाय.

खाली राऊटरपाशी चारशे ऐंशी,
माळ्यावरच्या खोलीत एकतीस.
मधे बुजवलेलं धुराडं,
त्यावर घरमालकिणीचा हा एवढा आरसा,
आणि दोन जिने.

तक्रार केली तेव्हा डेरेक ॲक्रॉइड आला.
न सांगता बूट दारात काढले,
चहात तीन चमचे साखर घेतली.
"लव्ह," म्हणाला
(इथे सगळे सगळ्यांनाच म्हणतात),
"लाइन ठणठणीत आहे. अडचण हवेची.
हवा सगळ्यांची असते ना.
एकाने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं.
दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया,
मग जरा थांबून पुन्हा पहिल्यापासून."
फोनवर यादी दाखवली त्याने:
थॉर्पबाईंचं नेटवर्क, कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं,
कुणाचा तरी बेवारस प्रिंटर,
अकरा जण एकाच पट्टीत
आपली पाळी यायची वाट बघत.
आणि मी दूध तापवायला ठेवलं की
मायक्रोवेव्ह रांगबिंग काही मानत नाही.

"आणि वायरमध्ये?"
"तिथे तिसरं कुणी नाही. बोला, ऐका, एकदमच."

मला मिरजेची कुसुममावशी आठवली.
फोनवर आम्ही दोघी एकाच वेळी बोलतो,
कुणी कुणासाठी थांबत नाही,
आणि दोघींना सगळं ऐकू येतं.

शनिवारी केबल आणली. पांढरी, चपटी, पंधरा मीटर.
भाड्याचं घर, खिळा मारायची सोय नाही,
म्हणून चिकटणाऱ्या क्लिपा,
प्रत्येक पायरीवर गुडघे टेकून.
एकोणिसाव्या पायरीवर दम लागला
तेव्हा लक्षात आलं,
सप्टेंबरपासून मी इथवर आलेच नव्हते.
जेवण झालं की खालून मेसेज करते.
तो कुठल्या कुठल्या गावाला जाऊन
माझ्याच डोक्यावरच्या खोलीत पोचतो,
आणि "५ मिनिटं" घेऊन उतरतो.

अन्विता दारात उभी. हेडफोन गळ्यात.
केस कापले होते तिने. कधी?
"वाकडी लागलीय, आई," म्हणाली,
आणि खाली बसून
शेवटच्या चार क्लिपा तिनेच लावल्या.

चारशे अठ्ठ्याहत्तर.

गालिचा जाड, त्यावर केबल;
दार आता पूर्ण लागत नाही,
दोन बोटं फट राहते.
तिने अजून काही म्हटलेलं नाही,
मीही विषय काढत नाही.
जिन्याच्या तळाशी उभं राहून हाक मारते.
जाते ऐकू.
"पाच मिनिटं," वरून येतं.