पाठमोरा

वूच शहरातल्या बंद पडलेल्या सूतगिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे पूर्वी चात्या फिरायच्या,
तिथे आता चार खांब, आठ कॅमेरे,
आणि पडद्याआड कपडे काढून थांबलेली माणसं.
तयार कपड्यांची मापं नव्याने ठरायची आहेत.
मोबदला: साठ झ्लॉटी आणि बीटाचं सूप.

आजचा अकरावा झेनोबियुश. वय एकोणऐंशी.
राखाडी चड्डी, डोक्याला घट्ट टोपी,
कारण काळे केस लेझर गिळून टाकतात.
याचे पांढरेच आहेत, तरी नियम.

आधी हाडं हातानेच शोधावी लागतात,
हे कुणाला खरं वाटत नाही.
यंत्राला नुसती कातडी दिसते,
म्हणून मी खांद्याचं टोक चाचपते,
कमरेचा काठ, मानेखालचा सातवा मणका,
आणि प्रत्येक जागी एक पांढरी टिकली लावते.
"हात गार आहेत तुझे," तो म्हणतो.
मी हात मागे घेते.
"राहू दे."

पावलं खुणांवर. हात अंगापासून जरा लांब.
श्वास सोडा. आता घेऊ नका.
लाल रेघ कपाळावरून उतरते,
गळ्याच्या सुरकुत्यांत अडखळल्यासारखी वाटते,
अडखळत नाही.
बारा सेकंद.
नवव्याला त्याला खोकला येतो.
पुन्हा.

मग पडद्यावर तो उगवतो,
बिनडोळ्यांचा, लाखभर ठिपक्यांचा.
काखेत भोकं, हनुवटीखाली भोक,
जिथे उजेड पोचला नाही तिथे तो नाहीच.
डाव्या हाताची दोन बोटंही नाहीत.
"ती यंत्राने नाही खाल्ली," तो सांगतो,
"करवतीने. चौऱ्याहत्तर साली."

स्वतःच्या तोंडाकडे तो बघतसुद्धा नाही.
मी माऊस ओढते, आकृती वळते,
आणि तो म्हणतो, थांब.

डावा खांदा उतरलेला. मान पुढे.
उजव्या फऱ्याखाली मूठभर खळगा.

"हा मी नाही. हा माझा बाप.
सायकलवर त्याच्या मागे बसून शाळेत जायचो,
सहा हिवाळे. वारा लागू नये म्हणून
इथे," खळग्यावर तो बोट ठेवतो,
काचेवर ठसा उमटतो,
"इथे नाक खुपसायचो.
चेहरा आता आठवत नाही.
एवढी वर्षं दाढी करताना आरशात शोधला,
आणि हा बसलाय मागे."

छापून मिळेल का, विचारतो.
मिळत नाही.
मान हलवतो, सदरा चढवतो,
बटणं लावायला त्याला वेळ लागतो,
मी बाराव्या क्रमांकाला हाक मारत नाही.

संध्याकाळी भोकं बुजवायची असतात, अंदाजाने.
काखा बुजवल्या, हनुवटी बुजवली.
फऱ्याखालचा खळगा प्रोग्रॅमला चूक वाटतो:
सपाट करू?
नको.
पुन्हा विचारतो.
नको म्हटलं ना.

टिकल्या मोजून डबीत ठेवायच्या असतात.
एक कमी भरली.
मणक्यावरचीच असणार, सदऱ्याखाली गेली.
त्याचा हात तिथवर पोचायचा नाही.
घरी कुणी असलं, तर दिसेल.