ऑफसेट

सातपूरला, एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत
अकरा वर्षं मी लोखंडाला सांगत आलोय
कुठून कुठपर्यंत जायचं.
जी झिरो : पळ.
जी वन : आता सावकाश, कापत जा.
एम तीस : संपलं.
आणि संपलं की कर्सर आपोआप
पहिल्या ओळीवर जाऊन थांबतो.
कुठल्या कॉलेजात नाही शिकलो हे.
गांगुर्डे मामा रिटायर होताना वही देऊन गेले,
पानापानाला कूलंटचा वास.

एकदा पॉइंट विसरलो.
पन्नास लिहिलं, पुढचा ठिपका राहिला,
मशीनने पन्नास मायक्रॉन वाचले.
टूल सुसाट आत. जो आवाज झाला
तो अजून कधीकधी जेवताना दाताखाली येतो.
पगारातून बत्तीसशे गेले.
तेव्हापासून ठिपका दिसला
की मी मनातल्या मनात हात जोडतो.

संध्याकाळी सात ते नऊ, कॅनडा कॉर्नरला क्लास.
सगळी पोरं विशीतली.
शिकवणारी ऋजुता, तीही बावीसची.
पहिल्या दिवशी मला सर म्हणाली, मग काका,
शेवटी नुसतं अहो.
"अहो, कंस बंद नाही केलात."
घरी हेच ऐकतो, दाराबद्दल.

लॅपटॉप मेहुण्याचा, त्यावर ई दोनदा उमटते.
व्हाइल लिहिलं की एक ई खोडायची.
पण इथे चुकलं तर काही मोडत नाही.
पडद्यावर एक तांबडी ओळ येते,
सातव्या ओळीत काहीतरी राहिलंय म्हणते,
आणि थांबते. माझ्यासाठी.
अकरा वर्षांत इतक्या सभ्यपणे
कुणी चूक दाखवली नव्हती.

दिवाळीआधी पहिला स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला.
ओव्हरटाइमचा, आमच्या शेडमधल्या सतरा जणांसाठी.
तास भरा, दर भरा, खाली आकडा.
ठेकेदार सानपच्या कागदावरचा आकडा वेगळा निघाला,
माणशी तीनशे चाळीसने कमी.
मी आधी माझंच तपासलं. चार रात्री.
कंस, ठिपका, परत ठिपका.
माझं बरोबर होतं.
हे वाक्य तोंडात बसेना.

सानप हसला, "कॉम्प्युटर चुकला असेल रे."
तेव्हा मागून सतरा मोबाइल पुढे आले.
पैसे मिळाले, निम्मे, पुढच्या महिन्यात.
मला सेकंड शिफ्ट मिळाली.
क्लास सुटला.
ऋजुता रात्री धडे पाठवते, शेवटी एकच ओळ :
अहो, सोडू नका.
सकाळी मुलगी शाळेत गेली की
ओट्याच्या कोपऱ्यावर लॅपटॉप ठेवून बसतो,
रजनी पोळ्या लाटते, मध्येच विचारते,
"आज काय म्हणतंय ते?"

टूल झिजतं. प्रत्येक जॉबमागे केसभर.
म्हणून कुणी प्रोग्रॅम फेकत नाही,
दोन शतांशाचा ऑफसेट द्यायचा
आणि माप पुन्हा बरोबर येतं.
माझे डोळे, कंबर, चौतीस वर्षं,
यांना किती द्यायचा, ते वहीत नाही.

मुंबई नाक्यापाशी, चौथ्या मजल्यावर मुलाखत.
नखांतलं काळं निघता निघत नाही,
मी हात टेबलाखाली ठेवले.
अनुभव?
अकरा वर्षं.
नाही, यातला.
आठ महिने.
काही बनवलंय? दाखवलं.
किती लोक वापरतात?
सतरा, म्हणालो.
पोरगा हसला, पण वाईट नव्हता तो.
पंधरा, मी दुरुस्त केलं. दोघे अंबडला लागले.

कळवतो म्हणाले.

स्टॉपवर बस येईना, लॅपटॉप उघडला.
सतरा खोडून पंधरा केलं.
मग पंधराही खोडलं.
आकड्याच्या जागी एक नाव ठेवलं,
उद्या कमी झाले काय, वाढले काय,
पुन्हा आत जाऊन
खोडाखोड नको.
नावात दोन ई आल्या.
एक काढली.