कालव क्रमांक सदतीस

सुकतीला दोनच तास मिळतात.
आचऱ्याच्या खाडीतोंडाशी, जिथे लाट अजून लाटच असते,
द्रौपदी खवणेकर कोयतीच्या टोकानं
कालवं सुटी करते, मी व्हर्नियर लावतो.
लांबी, रुंदी, शिंपल्याची जाडी.
वहीच्या पानांना मीठ चढलंय.

इथली कालवं बुटकी, खडकाला गच्च,
शिंपला असा की कोयती उलटून येते.
आत तिवरांत, जिथे पाणी नुसतं चढतं-उतरतं,
तीच कालवं मुळांना लोंबतात,
बोटांसारखी लांब, पापुद्र्यासारखी पातळ.
आणि जेट्टीच्या खांबावर, गर्दीत,
उभीच्या उभी,
एकमेकांच्या बरगडीत कोपर खुपसून.

पहिल्या वर्षी मी तीन जाती लिहिल्या होत्या.
"जाती कसल्यो," द्रौपदी म्हणाली,
"पाण्यात असताना सगळी रव्यायेवढी.
जागो गावलो काय
अंगाक जागो लागता."

गणपतीनंतर कधीतरी तिनं
तोंडाशी पडलेलं एक मंगलोरी कौल
कालवांसकट उचलून आत तिवरांत नेलं.
मला विचारलं नाही.
आज ते वर काढलं.
सदतीसवं हातात घेतलं
तर मधोमध रेघ:
अलीकडे लाटांनी घडवलेला जाड, खरबरीत काठ,
पलीकडे निळसर, पातळ, ऐसपैस.
जुनं काही पुसलं नव्हतं.
नवं तिथून पुढे सुरू झालं होतं, एवढंच.

वहीत या रेघेसाठी रकाना नाही.

बाराव्या वर्षी मला मामाकडे कोल्हापूरला धाडलं.
तोवर माझ्या पायाची बोटं पंख्यासारखी फाकलेली,
चिखल धरणारी.
शाळेच्या बुटांनी ती जवळ आणली,
एकावर एक बसवली.
करंगळी तेवढी अजून बाहेर बघते,
प्रत्येक नव्या बुटात पहिली ती सोलते.
आता मी गमबूट घालून खडकावर घसरतो
आणि द्रौपदी अनवाणी
कालवांच्या धारेवरून
अंगणातून चालावं तशी जाते.

पाणी वळलं.
"तुझी कितवी रेघ ही?" मी रेघेला विचारल्यासारखं
स्वतःशीच पुटपुटलो.
तिला वाटलं मला भूक लागली.

जाडी लिहायच्या आधीच तिनं
सदतीसवं बिजागरीतून उघडलं,
माझ्या तळहातावर ओतलं.
"खा. गाडयेत बसलंस काय
असां गावाचा नाय."

रकान्यात मी आडवी रेघ मारली.
ओठावर खारट,
आणि बुटात पाणी शिरत होतं.