उणे ऐंशी

रात्री दोन वाजून सात मिनिटांनी तार्तूत वीज गेली
आणि जनरेटरने जरा विचार केला.
तेवढा वेळ मी फ्रीझरच्या दाराला पाठ लावून उभी,
आत जनावरं असावीत आणि बाहेर वादळ, तशी.

मग तो घुरघुरला. दिवे आले.
आत सगळे जागच्या जागी :
सारेमाचे कोळी, वाल्गाच्या शिक्षिका,
नार्वाच्या गिरणीतून निवृत्त झालेले,
आणि पेइप्सी तळ्याकाठचे आम्ही कांदेवाले.

बाबाही आहेत कुठल्यातरी खणात.
दोन वर्षं झाली त्यांना पुरून,
अर्धा मिलिलिटर अजून मागे आहे.
नेमका कुठे, मला ठाऊक नाही.
ठाऊक असू नये असाच नियम आहे
आणि नियम पाळायचाच मला पगार मिळतो.

त्या सकाळी मीच त्यांना नेलं होतं, उपाशीपोटी.
वाटेत तीनदा म्हणाले,
"रक्त काय, देऊ. पण आकडा चिकटवून घेणं
आपल्यात बसत नाही, उस्तिन्या."
आकडा नळीला चिकटतो, तुम्हाला नाही, मी म्हटलं.
नळी त्यांनी तळहातावर घेतली. अजून कोमट होती.
दोन बोटांनी तिच्यावर क्रूस काढला.
तीन बोटांनी काढा असा हुकूम निघाला म्हणून
आमचे पूर्वज गाव सोडून या पाण्याकाठी आले होते.
मग नर्सला म्हणाले, ने आता.
नंतर एक गोड बिस्कीट मिळालं. त्यांनी दुसरं मागितलं.
साखर तेव्हाच वाढलेली होती, ते पुढे कळलं.

गुरुवारी बैठक असते.
ओसाकात दुपारचा चहा, इबादानात सकाळची घाई,
हॅलिफॅक्सचा कुणी अंधारात जांभई दाबतो.
मी कडेला, नळ्यांचा हिशेब लागला तर सांगायला.
तुमचे किती? आमचे बावीस हजार.
बाजारात पोती मोजावीत तसं.
इबादानच्या अकिनवुमीबाई म्हणाल्या,
"आमचे आत्ता नऊशेच. पण आम्हाला सोडून निघालात
तर तुमचं उत्तर तुमच्याच गल्लीत फिरत राहील."
पडद्यावरचे सगळे चेहरे थिजले.
मला वाटलं, लाइन गेली.
मग ओसाकाचे म्हातारे सर म्हणाले, थांबू.
वर्षभर थांबलो.

आणि एक अक्षर सापडलं. तीन अब्जांतलं एक.
ते ज्यांच्यात आहे, त्यांना साखरेचा धोका
इतरांपेक्षा चार टक्क्यांनी जास्त.

"चारच?" आई फोनवर म्हणाली.
कांद्यांच्या वेण्या घालत होती, पातीचा सरसर आवाज येत होता.
"एवढे देश, एवढी माणसं, आणि चार?"
अशी अजून पुष्कळ अक्षरं आहेत, आई. प्रत्येकाचं थोडं थोडं.
"आणि ते बिस्कीट?"
बिस्कीटही. खारवलेला मासाही.
सहा महिने बर्फ बघत बसणंही.
"हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली,
"माझं रक्त न काढता."
मग थोड्या वेळाने :
"त्याच्यात होतं का गं, ते अक्षर?"

लेखाखाली तीनशे बारा नावं आहेत.
माझं नाही. शेवटी आभारांत एक ओळ :
शीतसाठा सांभाळणाऱ्यांचे.
मी ती दोनदा वाचली, एवढंच.

आत्ता नोंदवही उघडते.
वेळ : दोन सात. कारण : वीज.
तापमान : उणे एकोणऐंशी, मग पूर्ववत.
शेरा : काही नाही.

मग दारापाशी जाते, दोन बोटं उचलते,
आणि कोपऱ्यातला कॅमेरा बघतोय म्हणून
वरून खाली, मग आडवी,
नुसती धूळ पुसते.